भाकिताचे पारडे

उद्या काय घडणार, हे आजच जाणून घेण्याची हौस मनुष्यजातीला फार पुरातन काळापासून आहे. आपल्या खेडोपाडी पूर्वी कुडमुड्या जोशी दारी येत असे, नंदीबैलवाला बैलाची मान हलवून यजमानाच्या मनातल्या इच्छेला होकार देववीत असे, आणि घरातील माणसे अर्धवट थट्टेने व अर्धवट श्रद्धेने ते ऐकून घेत. अमेरिकेत हेच काम जानेवारी महिन्यात कोट्यवधी माणसे स्वतःच करतात. नाताळ संपतो न संपतो तोच त्या देशातील धंदेवाईक फुटबॉलची बाद फेरी सुरू होते आणि घराघरांत, कचेऱ्यांत, उपाहारगृहांत भाकितांना ऊत येतो. कागदावर संघांची नावे लिहायची, कोण कोणाला हरवील याच्या रेघा ओढायच्या आणि शेवटी एकाच संघाच्या नावाभोवती ठसठशीत वर्तुळ काढायचे, हा तेथील रसिकांचा वार्षिक कुलाचार आहे. या भाकितांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे, तितकाच तो बोधप्रदही आहे. भाकीत वर्तवताना माणूस खेळाविषयी बोलतो असे आपल्याला वाटते. वास्तविक तो पुष्कळदा स्वतःच्या मनातील मानमरातबाच्या उतरंडीविषयी बोलत असतो.

प्रथम या खेळाची थोडीशी ओळख करून घेऊ. अमेरिकन फुटबॉल हा नावापुरताच फुटबॉल. चेंडू लंबगोल, आणि तो पायापेक्षा हातानेच अधिक हाताळला जातो. प्रत्येक बाजूस अकरा खेळाडू असतात. चेंडू ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, न सरकले तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. आपल्या हुतूतूप्रमाणे हाही मुलूख जिंकण्याचा, रेघ ओलांडण्याचा आणि अंगाला अंग भिडवण्याचा खेळ आहे. शेवटची रेघ ओलांडून चेंडू पलीकडे नेला की टचडाउनचे सहा गुण मिळतात. खांबांमधून लाथेने चेंडू पार केला की फील्ड गोलचे तीन. चालीचा सूत्रधार असतो तो क्वार्टरबॅक. चेंडू प्रथम त्याच्या हाती येतो आणि तो कोणाकडे फेकायचा की कोणाच्या हाती द्यायचा, याचा निर्णय त्याला दोनतीन सेकंदांत करावयाचा असतो.

नॅशनल फुटबॉल लीगमध्ये आज बत्तीस संघ आहेत. २०२०च्या हंगामापासून त्यांतील चौदा बाद फेरीत येतात. या फेरीचा नियम निष्ठुर आहे. बेसबॉलच्या अंतिम झुंजीत सातांपैकी चार सामने जिंकावयाचे असतात, त्यामुळे एखाद्या वाईट दिवसाची भरपाई करता येते. फुटबॉलमध्ये एकच सामना होतो. हरलात की सामान बांधून घरी जायचे. चौदांपैकी तेरा संघांना कधी तरी हरावेच लागते, म्हणून एकूण सामने तेरा. प्रत्येक सामन्याचे दोन निकाल संभवतात असे धरले, तर साऱ्या फेरीचे निकाल ८,१९२ प्रकारे लागू शकतात. आता असा एक चाणाक्ष रसिक कल्पा, की ज्याचा अडाखा तीन सामन्यांपैकी दोन वेळा खरा ठरतो. हे प्रमाण थोडे नव्हे. तरीदेखील तेराही सामन्यांचे भाकीत अचूक येण्याचा योग त्याच्या वाट्याला सुमारे दोनशे वर्षांत एकदा येईल. संघांचेही तसेच आहे. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ज्याच्या बाबतीत शंभरात सत्तर आहे, अशा बलाढ्य संघालाही लागोपाठ तीन विजय मिळण्याची शक्यता शंभरात चौतीसच उरते. म्हणजे सर्वांत बलवान संघ अंती विजयी होईल असे म्हणणारा माणूस शहाणा असूनही बहुधा चुकतो. बाद फेरीचे सारे आकर्षण या विरोधाभासात आहे.

या पद्धतीचा जन्मही एका अकल्पित प्रसंगातून झाला. ओहायो राज्यातील कँटन या गावी १९२० साली, मोटारी विकण्याच्या एका दुकानात काही संघांचे चालक जमले आणि त्यांनी या लीगची स्थापना केली. १९२२ साली तिला आजचे नाव मिळाले. प्रारंभी बाद फेरी नव्हती. हंगामाच्या शेवटी ज्याच्या विजयांचे प्रमाण अधिक तो विजेता, असा सरळ हिशेब होता. १९३२ साली मात्र शिकागो बेअर्स आणि पोर्ट्‌समथ स्पार्टन्स हे दोन संघ बरोबरीत राहिले. शिकागोने सहा सामने जिंकले होते, एक हरला होता आणि तब्बल सहा बरोबरीत सोडवले होते. परंतु बरोबरीचे सामने हिशेबात धरले जात नसत. तेव्हा एक जादा सामना ठरवण्यात आला. शिकागोत बर्फ आणि थंडी इतकी होती, की १८ डिसेंबर रोजी तो सामना छपराखाली, शिकागो स्टेडियमच्या आत, नेहमीपेक्षा आखूड अशा ऐंशी यार्डांच्या मैदानावर खेळावा लागला. पोर्ट्‌समथचा सर्वोत्तम खेळाडू डच क्लार्क त्या दिवशी हजरच नव्हता. कोलोरॅडोतील एका महाविद्यालयात बास्केटबॉल शिकवण्याची त्याची नोकरी होती आणि तो कामावर रुजू झाला होता! शिकागोने ९-० असा विजय मिळवला. या एका सामन्याने लोकांचे कुतूहल एवढे चाळवले, की पुढच्याच वर्षी संघांचे दोन विभाग पाडून त्यांच्या अग्रणींत अंतिम सामना खेळवण्याची प्रथा सुरू झाली. हवामान आणि एका खेळाडूची नोकरी या दोन गोष्टी कोणत्या भाकितकाराने आपल्या पारड्यात घातल्या असत्या?

अंतिम सामन्यांची प्रथा पडल्यावर भाकितांचीही प्रथा पडली, आणि भाकिते फसण्याचीही. १९३४ साली शिकागो बेअर्स संघाने नियमित हंगामातील तेराही सामने जिंकले होते. अंतिम सामन्यातील प्रतिस्पर्धी न्यूयॉर्क जायंट्स यांना त्यांनी त्याच हंगामात दोनदा हरवले होते. निकाल जणू आधीच लागला होता. परंतु ९ डिसेंबर रोजी न्यूयॉर्कचे मैदान बर्फाने कडक झाले. खिळ्यांचे बूट त्यावर धरेनात. जायंट्सचा खेळाडू रे फ्लॅहर्टी याने सुचवले, की रबरी तळाचे साधे कापडी बूट वापरावेत. रविवारी दुकाने बंद. तेव्हा मॅनहॅटन कॉलेजातून तेथील खेळाडूंचे बूट आणवण्यात आले. मध्यंतराला शिकागो १०-३ असा पुढे होता. मध्यंतरानंतर जायंट्सनी बूट बदलले आणि शेवटच्या पंधरा मिनिटांच्या खेळात सत्तावीस गुण करून ३०-१३ असा सामना जिंकला. अपराजित संघ एका पादत्राणापुढे पराजित झाला.

सहा वर्षांनी याच्या उलट घडले. १९४०च्या नोव्हेंबरात वॉशिंग्टनच्या संघाने शिकागोला ७-३ असे हरवले आणि त्या संघाचे मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल यांनी शिकागोच्या खेळाडूंना रडतोंडे म्हणून हिणवले. तीन आठवड्यांनी, ८ डिसेंबरला, वॉशिंग्टनमध्येच अंतिम सामना झाला. चार गुणांच्या फरकाने सुटलेल्या सामन्याची ही पुनरावृत्ती असल्याने चुरस होणार, यात कोणाला शंका वाटली नव्हती. शिकागोने दुसऱ्याच चालीत टचडाउन केले आणि सामना संपला तेव्हा फलक ७३-० असा होता! इतक्या मोठ्या फरकाचा विजय त्या लीगच्या इतिहासात अद्याप दुसरा नाही. वॉशिंग्टनचा विख्यात खेळाडू सॅमी बॉ याने सुरुवातीला फेकलेला एक सुरेख चेंडू त्याच्या सहकाऱ्याच्या हातून सुटला होता. तो झेलला गेला असता तर काही फरक पडला असता काय, असे विचारता बॉ उत्तरला, की पडला असता; ७३-७ झाले असते. आणि गंमत अशी, की त्या दिवशी वॉशिंग्टनचा प्रशिक्षक होता तो रे फ्लॅहर्टी, १९३४ साली बुटांची युक्ती सुचवणारा! चतुराईचा मक्ताही कोणाकडे कायम राहत नाही.

परंतु हे सारे दाखले हवामानाचे, युक्तीचे किंवा चिडलेल्या मनाचे आहेत. भाकिताच्या इतिहासातील खरी महत्त्वाची घटना १९६९ सालची आहे. तिच्यात केवळ एका सामन्याचा प्रश्न नव्हता. तिच्यात दोन संस्थांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न होता.

१९६० साली अमेरिकन फुटबॉल लीग नावाची दुसरी संस्था उभी राहिली. जुन्या लीगने तिला पोरकट म्हणून उडवून लावले. तथापि नवी लीग टिकली. तिने महाविद्यालयांतून निघणाऱ्या उत्तम खेळाडूंसाठी जुन्या लीगशी पैशांची चढाओढ केली. १९६५ साली न्यूयॉर्क जेट्स या संघाने अलाबामा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक जो नेमथ याला ४,२७,००० डॉलर देऊन करारबद्ध केले, तेव्हा सारा देश चकित झाला होता. दुसरी एक गोष्ट पैशांइतकी गाजली नाही, परंतु तिचे मोल अधिक होते. कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या दक्षिणेतील लहान महाविद्यालयांकडे जुन्या लीगचे पुरेसे लक्ष नव्हते. नव्या लीगने तेथील खेळाडू मोठ्या संख्येने घेतले. १९६५च्या जानेवारीत या लीगचा निवडक खेळाडूंचा सामना न्यू ऑर्लीन्स येथे व्हायचा होता. त्या शहरात अपमानास्पद वागणूक मिळाल्यावर कृष्णवर्णीय खेळाडूंनी तेथे खेळण्यास नकार दिला, आणि लीगने सामना ह्यूस्टनला हलवला. ही लीग कोणत्या माणसांच्या बळावर उभी होती, हे या प्रसंगावरून ध्यानात येते.

१९६६ साली दोन्ही लीगनी एकत्र येण्याचे ठरवले आणि विलीनीकरण पूर्ण होईपर्यंत दोघांच्या विजेत्यांत दर वर्षी एक सामना व्हावा असे ठरले. हाच पुढे सुपर बोल म्हणून जगप्रसिद्ध झाला. पहिल्या दोन सामन्यांत जुन्या लीगच्या ग्रीन बे पॅकर्स संघाने नव्या लीगच्या विजेत्यांना ३५-१० आणि ३३-१४ असे सहज लोळवले. तिसऱ्या सामन्यात जुन्या लीगतर्फे बॉल्टिमोर कोल्ट्स उतरले. नियमित हंगामातील चौदांपैकी तेरा सामने त्यांनी जिंकले होते. चौदा सामन्यांत मिळून केवळ १४४ गुण प्रतिपक्षांना करू दिले होते. आणि ज्या क्लीव्हलंड संघाने त्यांना हंगामातील एकमेव पराभव दिला, त्यालाच लीगच्या अंतिम सामन्यात ३४-० असे धुऊन काढले होते. जेट्सनी अकरा सामने जिंकले होते, तीन हरले होते. सट्टेवाल्यांनी कोल्ट्सना अठरा गुणांनी सरस ठरवले. म्हणजे जेट्सवर पैसे लावणाऱ्याला अठरा गुणांची सवलत मिळणार होती.

सामन्यापूर्वी तीन दिवस, गुरुवारी ९ जानेवारीला, मायामी येथील एका समारंभात नेमथचा सत्कार झाला. तेथे एका कोल्ट्सप्रेमीने त्याला डिवचले, तेव्हा नेमथने उत्तर दिले, की रविवारी आम्हीच जिंकणार, आणि याची मी हमी देतो. दुसऱ्या दिवशी हे उद्गार वृत्तपत्रांतून झळकले. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, असेच बहुतेकांनी म्हटले. जेट्सचे प्रशिक्षक वीब युबँक यांनाही हा आगाऊपणा रुचला नाही.

परंतु ती केवळ फुशारकी नव्हती. जेट्सच्या खेळाडूंनी कोल्ट्सच्या सामन्यांच्या चित्रफिती पुनःपुन्हा पाहिल्या होत्या, आणि आता आणखी पाहिल्या तर आम्हाला फाजील आत्मविश्वास येईल, असे त्यांच्यातील पीट लॅमन्स याने म्हटले होते. युबँक स्वतः पूर्वी कोल्ट्सचेच प्रशिक्षक होते. १९५८ आणि १९५९ साली त्यांनीच तो संघ अजिंक्य केला होता आणि पुढे त्याच संघाने त्यांना निरोप दिला होता. त्यांचा बचावपटू जॉनी सँपल हाही त्या अजिंक्य संघांत खेळलेला होता. या माणसांना कोल्ट्सचे नाव माहीत होते, पण त्या नावाचे भय नव्हते.

१२ जानेवारी १९६९ रोजी मायामीच्या ऑरेंज बोलमध्ये काय झाले ते पाहण्यासारखे आहे. नेमथने प्रारंभीच डॉन मेनार्डकडे लांबवर चेंडू फेकला. तो हाती लागला नाही. पण कोल्ट्सचा बचाव मेनार्डच्या बाजूला झुकला. मेनार्डचा पाय दुखावलेला आहे, हे कोल्ट्सना ठाऊक नव्हते. दुसऱ्या बाजूस मोकळ्या राहिलेल्या जॉर्ज सॉअरने मग आठ वेळा चेंडू झेलून १३३ यार्ड मजल मारली. मॅट स्नेलने चेंडू घेऊन तीसदा धाव घेतली आणि १२१ यार्ड काढले. त्याला वाट करून देणारा विन्स्टन हिल हा टेक्सास सदर्न या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठातून आलेला होता. इकडे कोल्ट्सची प्रत्येक संधी फुकट गेली. त्यांचे चार चेंडू जेट्सनी मधल्यामध्ये पकडले. त्यांतील एक सँपलने आपल्या रेघेजवळ झेलला. मध्यंतराच्या अगदी आधी कोल्ट्सचा जिमी ऑर हा गोलरेषेजवळ एकटा उभा राहून हात हलवत होता, तरी क्वार्टरबॅक अर्ल मोरॉलला तो दिसलाच नाही. अखेरीस दुखापतीतून उठलेला जॉनी युनायटस आला. त्याने एक टचडाउन करून दिले, पण तोवर उशीर झाला होता. जेट्स १६, कोल्ट्स ७. चौथ्या डावात नेमथने एकदाही चेंडू फेकला नाही. ज्याच्या उद्दामपणाची चर्चा चालली होती, त्याने सामना संयमाने जिंकला.

आता प्रश्न असा, की भाकितकारांचे चुकले कोठे? त्यांना मूर्ख म्हणणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. त्यांच्यापाशी आकडे होते आणि आकडे खरेच होते. उणीव होती ती तुलनेची. दोन्ही लीगचे संघ नियमित हंगामात एकमेकांशी खेळतच नव्हते. तेव्हा तेरा विजय आणि अकरा विजय यांची तुलना करावयाची, तर एका लीगमधील विजय दुसऱ्या लीगमधील विजयापेक्षा किती वजनाचा, हे आधी ठरवावे लागत होते. ते वजन ठरवण्यासाठी केवळ दोन सामन्यांचा अनुभव आणि बाकी सारी प्रतिष्ठा, एवढेच साधन हाती होते. जुने ते थोर आणि नवे ते पोर, या समजुतीला गणिताचा पोशाख चढवण्यात आला आणि त्याला अठरा गुण असे नाव देण्यात आले. नऊ वर्षे नवी लीग कोणते खेळाडू गोळा करीत होती, कोणत्या दुर्लक्षित महाविद्यालयांच्या दारी जात होती, याची नोंद त्या आकड्यात कोठेही नव्हती.

आणि समजूत किती चिवट असते पाहा. जेट्सचा विजय हा एक अपघात आहे, असे पुष्कळांनी ठरवून टाकले. पुढच्या वर्षी नव्या लीगच्या कॅन्सस सिटी चीफ्स संघाची गाठ जुन्या लीगच्या मिनेसोटा व्हायकिंग्जशी पडली, तेव्हा पुन्हा जुन्याच लीगला मोठी पसंती मिळाली. ११ जानेवारी १९७० रोजी चीफ्सनी २३-७ असा विजय मिळवला. तो सामना झाला न्यू ऑर्लीन्स येथे, जेथे पाच वर्षांपूर्वी नव्या लीगच्या कृष्णवर्णीय खेळाडूंनी पाऊल न ठेवण्याचा निश्चय केला होता. त्यानंतर अपघात हा शब्द कोणाला वापरता आला नाही. त्याच वर्षी दोन्ही लीग पूर्णपणे एक झाल्या, आणि नव्या संस्थेत जुन्यांच्या शेजारी नवे बरोबरीच्या नात्याने बसले.

यानंतरही भाकिते थांबली नाहीत. उलट त्यांनी मैदानाबाहेरही झेप घेतली. क्रीडालेखक लेनर्ड कॉपेट यांनी १९७८ साली विनोदाने एक निरीक्षण मांडले, की जुन्या लीगच्या वंशातला संघ सुपर बोल जिंकला की त्या वर्षी शेअरबाजार वर जातो आणि दुसऱ्या वंशातला जिंकला की खाली येतो. तोपर्यंतच्या वर्षांशी हे जुळत होते, म्हणून कित्येकांनी विनोद गांभीर्याने घेतला. मग आले २००८ साल. न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाने नियमित हंगामातील सोळाही सामने आणि बाद फेरीतील दोन सामने जिंकले होते. ३ फेब्रुवारीला न्यूयॉर्क जायंट्सनी, हंगामात सहा सामने हरलेल्या संघाने, त्यांना १७-१४ असे नमवले. संघांविषयीचे भाकीत फसलेच. पण जायंट्स हे जुन्या वंशातले असल्याने बाजार चढायला हवा होता. त्या वर्षी बाजाराचे काय झाले, हे जगाला ठाऊक आहे.

२०११च्या जानेवारीत सिॲटल सीहॉक्स हा संघ जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेलेच सामने अधिक असताना, केवळ आपल्या दुबळ्या विभागात पहिला आला म्हणून बाद फेरीत पोहोचला. असा संघ फेरीत घ्यावाच कशाला, असा वाद माजला होता. समोर आदल्या वर्षीचे विजेते न्यू ऑर्लीन्स सेंट्स होते. सिॲटल ४१-३६ असा जिंकला. मार्शॉन लिंचने अनेक प्रतिस्पर्ध्यांना झुगारून ६७ यार्डांची धाव घेतली, तेव्हा प्रेक्षकांनी केलेल्या उड्यांची नोंद जवळच्या भूकंपमापक यंत्रावर झाली. भाकितांनी ज्यांना मोडीत काढले होते, त्यांच्या आनंदाने भूमी हादरली.

तर मग भाकीत वर्तवणे सोडून द्यावे काय? मला तसे वाटत नाही. अंदाज बांधल्याशिवाय माणसाचा व्यवहार चालत नाही. शेतकरी पावसाचा अंदाज बांधून पेरणी करतो आणि राज्यकर्ते उत्पन्नाचा अंदाज बांधून अंदाजपत्रक मांडतात. आपल्या अंदाजात मोजमाप किती आणि समजूत किती, हे मात्र ज्याने त्याने तपासून पाहावे. १९३४ साली बर्फ मोजले गेले नव्हते, म्हणून भाकीत फसले. ती चूक क्षम्य होती. १९६९ साली माणसे मोजली गेली नव्हती. ती चूक अधिक गंभीर होती, कारण ती माणसे डोळ्यांसमोर होती.

रसिकाचे मात्र एका बाबतीत कौतुक केले पाहिजे. तज्ज्ञ आपला फसलेला अंदाज विसरून जातो. रसिक तो वर्षभर मित्रांच्या तोंडून ऐकतो आणि पुढच्या जानेवारीत पुन्हा कोरा कागद घेऊन बसतो. निकाल आपल्या हाती नाही हे त्याला मनोमन ठाऊक असते. तरी ज्या दुबळ्या संघाला कोणी विचारत नाही, त्याच्या नावाभोवती तो कधीकधी मुद्दाम वर्तुळ काढतो. ते भाकीत नसते, तो त्याचा पक्षपात असतो. परंतु मायामीच्या मैदानावर त्या रविवारी खरे ठरले ते अशाच थोड्या पक्षपाती माणसांचे बोल.